पुरातत्त्वज्ञ म्हणून काम करायला एखाद्या संस्थेचं सदस्यत्व लागतं का?

तुम्ही शिरपूरचे, इतिहासात एम.ए. झालात आणि विचारताय की वर्गणी भरून एखाद्या संस्थेचं सदस्यत्व घेतलं तर पुरातत्त्वज्ञ म्हणून काम करता येईल का. नाही येणार. वकिलांची बार कौन्सिलकडे होते तशी नोंदणी आपल्याकडे या क्षेत्रात नाहीच. ब्रिटनमध्ये चार्टर्ड इन्स्टिट्यूट फॉर आर्किऑलॉजिस्ट्स आहे, २०१४ मध्ये तिला राजसनद मिळाली. तिथे केलेलं काम तपासून मगच पायरीपायरीने सदस्यत्व देतात, आणि आचारसंहिता मोडली तर चौकशी होते. आपली इंडियन आर्किऑलॉजिकल सोसायटी १९६७ची. तिचे सदस्य जरूर व्हा, ‘पुरातत्त्व’ हे तिचं नियतकालिक वाचा. पण त्याने कुदळ मारायचा हक्क मिळत नाही. प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळांविषयीच्या १९५८च्या कायद्याप्रमाणे राज्य सरकारलाही केंद्राच्या पूर्वमान्यतेशिवाय उत्खनन करता येत नाही.

माझ्या मते या कामाचा दर्जा नोंदीत असतो. विद्यार्थी असताना शहाद्याकडे तापीकाठच्या एका पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, फिरत होतो. काळ्या रंगात तीर काढलेलं खापर दिसलं, उचललं आणि खिशात टाकलं. शेतातले एक बाबा म्हणाले, “काय देखी राहिनात भाऊ?” मी आनंदाने दाखवलं. संध्याकाळी सरांनी ते वर्तमानपत्रावर ठेवलं आणि विचारलं, “वर पडलेलं होतं की कापलेल्या कडेतलं? कडेतलं असेल तर कितव्या थरातलं?” मला सांगता येईना. तापीकाठच्या सावळदा गावावरून नाव पडलेल्या पद्धतीचं, जवळपास चार हजार वर्षांपूर्वीचं खापर, पण माझ्या हाताने ते मुकं झालं. आजही त्याची हळहळ वाटते. तेव्हापासून पिशवीत एक चिठ्ठी आत आणि एक बाहेर बांधतो: स्थळ, तारीख, खड्डा, थर, खोली.

शहाद्याजवळच्या प्रकाशे येथे पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी १९५५ साली उत्खनन केलं. त्याचा सविस्तर अहवाल छापून आला, म्हणून ताम्रपाषाण काळापासूनचे (तांब्याबरोबर दगडाचीही हत्यारं वापरत तो काळ) तिथले थर आज तुम्ही-आम्ही पुन्हा तपासू शकतो. खोदून अहवाल न लिहिणं ही मला तरी चोरीच वाटते, कारण खणलेला थर परत भरता येत नाही.

तेव्हा आधी डेक्कन कॉलेजसारख्या ठिकाणी पुरातत्त्वाचं रीतसर शिक्षण घ्या, उत्खननावर दोन-तीन हंगाम राबा, खापरं धुवा, त्यांवर क्रमांक घाला. सदस्यत्वाचा फॉर्म नंतर भरला तरी चालेल.

तोवर एक काम करता येईल. तुमच्याकडे गावोगाव पांढरीची माती खत म्हणून शेतात नेतात. पांढर जिथे कापली जातेय तिथे जा. काही उचलू नका. पट्टी टेकवून कडेचा फोटो काढा, गट क्रमांक आणि तारीख लिहा आणि राज्य पुरातत्त्व संचालनालयाला कळवा. पावसाळ्याआधी जा, नंतर कडा ढासळतात.