मसाई मारात गाईड हवाच का, की चांगला ड्रायव्हर पुरतो?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: केनियातल्या मसाई मारा अभयारण्यासाठी ऑगस्ट बरा की फेब्रुवारी, आणि जाणकार गाईडसाठी जास्त पैसे मोजावेत की “प्राणी तर रस्त्यालाच दिसतात, ड्रायव्हर पुरे” हे तुमच्या मित्रांचे म्हणणे मानावे. मित्रांचे हे वाक्य मी माझ्या मेहुण्यांच्या तोंडून 2019 पासून घरातल्या प्रत्येक कार्यात ऐकत आलो आहे, त्यामुळे त्याचे उत्तर आधी देतो.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आम्ही कोल्हापूरचे सातजण एका सहल कंपनीबरोबर केनियाला गेलो होतो. आमची लँड क्रूझर चालवणारा पन्नाशीचा, मसाई जमातीचा गृहस्थच आमचा गाईड होता. केनियात गाईडांच्या संघटनेच्या परीक्षा असतात आणि त्यांनुसार कांस्य, रौप्य व सुवर्ण अशी श्रेणी मिळते. त्याच्या शर्टावर रौप्य श्रेणीचा बिल्ला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला फाटक उघडताच आम्ही आत शिरलो. मारा समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर असल्यामुळे ऑगस्टमध्येही पहाटे चांगलीच थंडी असते, आणि आम्ही सगळे गुडघ्यांवर कांबळी घेऊन बसलो होतो. तालेक नदीच्या काठी बिबट्या झाडावर बसल्याची वर्दी रेडिओवर आली आणि गाडी त्या दिशेला वळली. मेहुण्यांच्या बघायच्या प्राण्यांच्या यादीत सिंह, हत्ती, रानम्हैस आणि गेंडा यांच्यापुढे खुणा झाल्या होत्या, फक्त बिबट्या राहिला होता.

वाटेत गाईडने अचानक गाडी थांबवून इंजिन बंद केले. डाव्या हाताला एका वारुळावर टोपी जातीचे एक हरीण उभे होते. लालसर तपकिरी अंग, मांड्यांवर निळसर काळे पट्टे आणि पायांना पिवळे मोजे घातल्यासारखा रंग. आम्ही त्याच्यापासून वीस पावलांवर होतो, तरी त्याने आमच्याकडे मान वळवली नाही. कान ताठ करून ते लांबच्या गवताकडे पाहत होते आणि मधूनच फुरफुरत होते. पाच मिनिटे गेली, दहा गेली. रेडिओवर बिबट्याची वर्दी पुन्हा आली. मेहुणे म्हणाले, “दाजी, लाखांनी पैसे आपण हरणं बघायला भरलेत का?” आणि त्यांनी वीस डॉलरची नोट पुढे करून गाडी रस्ता सोडून थेट नदीकडे घालायला सांगितले. रस्ता सोडून गाडी घालण्यास तिथे बंदी आहे. गाईडने नोट परत त्यांच्या हातात ठेवली आणि शांतपणे सांगितले, “आपण इतके जवळ असूनही ते आपल्याकडे बघत नाही. म्हणजे ते ज्याच्याकडे बघते आहे, ते आपल्यापेक्षा महत्त्वाचे आहे.”

पंचवीस मिनिटांनी आणखी दोन टोपींनी तिकडेच तोंडे केली, आणि चरत असलेली थॉमसन गझेल ही छोटी हरणे एकत्र गोळा होऊ लागली. गाईडने दुर्बीण माझ्याकडे देऊन एका झाडाचा बुंधा दाखवला. ते आपल्या हिंगणबेटाच्याच कुळातले झाड होते आणि त्याच्या सावलीत चित्त्याची मादी बसलेली होती. तिच्यामागे तीन पिल्ले होती. पाठीवर राखाडी केसांची आयाळ असलेली, म्हणजे अजून तीन महिन्यांच्या आतली. पुढची शिकार मोजक्या सेकंदांत आटोपली आणि त्यातले मला फारसे आठवत नाही. त्यानंतरचे मात्र सगळे आठवते. गझेलचा गळा सोडल्यावर ती मादी कितीतरी वेळ नुसती धापा टाकत बसली, तोंडही लावू शकत नव्हती, आणि दर थोड्या वेळाने मान वर करून चहूकडे बघत होती. मग तिने पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा आवाज काढला आणि पिल्ले गवतातून धावत आली.

आमची गाडी शंभर मीटरवर होती. गाईडने ती पुढे नेली नाही आणि रेडिओवर कोणाला कळवलेही नाही. गाड्या जमल्या की तरसांना सुगावा लागतो. तरस किंवा सिंह आले तर चित्ता भांडत नाही, शिकार टाकून निघून जातो, आणि मग पिल्ले उपाशी राहतात, असे त्याने सांगितले. हे त्या एका माणसाचे मत नव्हते. मारातील चित्त्यांविषयीचे संशोधन 2018 मध्ये प्रसिद्ध झाले आहे. पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागात एका मादीची एका वेतातली सरासरी 0.2 पिल्ले मोठी होऊन स्वतंत्र होतात, तर वर्दळ कमी असलेल्या भागात 2.3, असे त्यात आढळले.

आम्ही नदीवर पोहोचलो तेव्हा गाड्यांची रांग लागली होती. एका शिकारी प्राण्याजवळ एका वेळी पाचच गाड्या आणि बाकीचे थांबलेले असतील तर प्रत्येकीला दहा मिनिटे, असा नियम आहे. आमची पाळी येईपर्यंत बिबट्या झाडावरून उतरून झुडपात गेला होता.

मेहुण्यांच्या मते आमची सहल तिथे फुकट गेली. मी कोल्हापूरचा आहे. आमच्या संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवत असत, देशातले चित्ते संपत आल्यावर ते आफ्रिकेतून मागवले जात, आणि 1952 मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. त्या गावातल्या माणसाने पिल्लांना भरवणारी मादी तासभर पाहिली. त्यापुढे न दिसलेल्या बिबट्याचे दुःख मला कधीही समजलेले नाही.

परतताना कंपनीने अभिप्रायाचा कागद दिला. त्यावर सर्वांच्या वतीने “गाईड हट्टी आहे, ग्राहकांचे ऐकत नाही” असे लिहिले गेले आणि वाद नको म्हणून मीही खाली सही केली. त्या सहीची टोचणी आजही आहे. घरी आल्यावर मी कंपनीला वेगळे पत्र लिहून सगळी हकीकत कळवली. पत्राची पोच आली, पण त्या गाईडचे पुढे काय झाले ते मला कोणी सांगितले नाही.

त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे: पैसे कमी पडत असतील तर तंबूतल्या सोयी कमी करा, गाईड कमी करू नका. गाडी ठरवताना गाईडची श्रेणी विचारा आणि गाडीत कोण बरोबर असणार तेही विचारा, कारण एकाच गाडीत यादीवाले आणि थांबणारे एकत्र आले की दोघांचेही नुकसान होते. पाच दिवसांत तीन उद्याने दाखवणारी सहल घेऊ नका. मारातच चार रात्री राहा. पहिल्याच सकाळी गाईडला सांगा की तो थांबेल तिथे थांबायची तुमची तयारी आहे.

महिन्याविषयी. वाइल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर मारात असतात, पण त्यांचे नदी ओलांडणे तुमच्या तारखेला दिसेलच असे नाही, आणि गर्दी तेव्हाच सर्वाधिक असते. 2024 पासून परदेशी पाहुण्यांचे प्रवेशशुल्क जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर झाले आहे. फेब्रुवारीत ते कळप टांझानियात, दक्षिण सेरेंगेटीतल्या न्दुतूच्या बाजूला वितात; मारातले सिंह, चित्ते आणि हत्ती मात्र बाराही महिने तिथेच असतात. मी पुन्हा गेलो तर फेब्रुवारीतच जाईन.

एक मान्य केले पाहिजे. बरोबर लहान मुले असतील, किंवा कोणाला कंबरेचा त्रास असेल, तर तासन्‌तास एका जागी थांबणे सगळ्यांना झेपत नाही, आणि मेहुण्यांची कंबर खरोखरच दुखत होती हे मला नंतर कळले. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि दाखला जवळ ठेवा. तो नसेल तर भारतात परतताना विलगीकरणात ठेवू शकतात. हिवतापाच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांना विचारा. आणि बक्षिसी गाईडच्या हातात द्या, पण शेवटच्या दिवशी, गाडीतून उतरल्यावर.