वाचक विचारतात : खारा वारा आणि स्केटची चाके

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे इनलाइन स्केटविषयी, म्हणजे एका रांगेत चाके बसवलेल्या स्केटविषयी, आहेत. चारही किनारपट्टीवरून आलेली असल्यामुळे ती एकत्रच घेतली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. दिवाळीत त्याला ८० मिलिमीटर चाकांचे स्केट घेऊन दिले. ओहोटीला भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू घट्ट असते म्हणून त्याने दोन दिवस तेथे ते चालवून पाहिले. आठवड्याभरात चाके करकरू लागली आणि दोन चाके फिरेनाशी झाली. गंज सोडवणारा स्प्रे मारल्यावर ती फिरली, पण चार दिवसांनी पुन्हा अडकली. दुकानदार ‘एबेक ९’ची बेअरिंग घ्या म्हणतात. घ्यावीत का?
— एक पालक, रत्नागिरी

उत्तर : घेऊ नयेत, निदान या कारणासाठी तरी नकोत. एबेकचे १, ३, ५, ७, ९ हे आकडे बेअरिंग किती काटेकोर मापाने घडवले आहे एवढेच सांगतात. ते गंजाला किती टिकेल याविषयी काहीही सांगत नाहीत. नेहमीचे पोलाद असेल तर एबेक ९चे बेअरिंग खाऱ्या पाण्यात एबेक ३इतक्याच निमूटपणे गंजते.

मुळात झाले काय, ते पाहू. प्रत्येक चाकात दोन याप्रमाणे चार चाकांच्या जोडीत एकूण सोळा बेअरिंग असतात. वाळूबरोबर आत गेलेले समुद्राचे पाणी वाळले, तरी मीठ आतच राहिले, आणि मिठाची बरणी पावसाळ्यात कशी पाणी सोडते हे कोकणातल्या घरात कोणाला सांगावे लागत नाही. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास पोहोचली की मीठ हवेतूनच ओलावा ओढून घेते, त्यामुळे कोरडे दिसणारे बेअरिंग रोज रात्री आतून पुन्हा भिजते. तुम्ही मारलेल्या स्प्रेने तेवढ्यापुरती चाके सुटली, परंतु असे पातळ स्प्रे आतले उरलेसुरले ग्रीस धुऊन काढतात आणि मागे तेलाचा अगदी विरळ थर ठेवतात; मीठ मात्र जागच्या जागी राहते. म्हणून चार दिवसांनी पुन्हा तेच झाले.

बहुतेक जण येथे आणखी एक चूक करतात, ती म्हणजे बेअरिंग थेट रॉकेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये टाकतात. त्याने ग्रीस आणि मळी सुटते, पण मीठ सुटत नाही, कारण ते पाण्यातच विरघळते. एरवी बेअरिंगला पाणी लावू नये हा नियम योग्यच आहे. मात्र खारे पाणी एकदा आत गेलेले असेल, तर तो मोडावा लागतो. अ‍ॅलन कीने, म्हणजे षटकोनी चावीने, चाके सोडवा, बेअरिंग बाहेर काढा आणि त्यांवरची झाकणे उघडा. रबराचे झाकण आतल्या कडेला सुई घालून अलगद उचलले की निघते. पत्र्याच्या झाकणाला बारीक तारेची कडी असते, ती टाचणीने काढावी लागते आणि ती उडून कोठे जाते हे नंतर कोणालाच सापडत नाही, तेव्हा हे काम ताटात ठेवून करावे. आधी रॉकेलने जुने ग्रीस काढा, मग गोड्या पाण्याने दोन-तीनदा खळबळून धुवा आणि लगेच, पाणी सुकण्याची वाट न पाहता, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून हलवा, म्हणजे ते पाण्याला बरोबर घेऊन उडून जाते. रबराची झाकणे मात्र रॉकेलमध्ये टाकू नयेत, ती फुगू शकतात; साबणाच्या पाण्याने पुसली तरी पुरे. हे सगळे उघड्या पडवीत करा, स्वयंपाकघरात नको.

कोरडे झालेले बेअरिंग बोटावर हळू फिरवून पाहा. वाळू रगडल्यासारखे लागत असेल तर आतल्या गोळ्यांना आणि त्यांच्या वाटेला खड्डे पडले आहेत असे समजून ते टाकून द्या. अडकलेली दोन चाके बहुधा या गटात जातील. नवीन बेअरिंगसाठी स्केटचेच दुकान शोधावे लागत नाही. आतले भोक ८, बाहेरचा व्यास २२ आणि रुंदी ७ मिलिमीटर हे ६०८ क्रमांकाचे माप यंत्रांची बेअरिंगे विकणाऱ्याकडेही मिळते. दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेले मागा, आणि खर्च परवडत असेल तर स्टेनलेस पोलादाचे घ्या.

आता ज्यावरून मुले वाद घालतात तो मुद्दा. शिवणयंत्राचे तेल घातले की हाताने फिरवलेले चाक बराच वेळ फिरत राहते आणि मुलांना ते आवडते. ग्रीस भरले की तेच चाक काही सेकंदांत थांबते. परंतु अंगाचा भार पडल्यावर हा फरक पायाला जवळजवळ जाणवत नाही, आणि ग्रीस ओलाव्याला बाहेर रोखून धरते, जे तेलाला जमत नाही. शर्यतीत उतरणाऱ्याने तेल घालून दर आठवड्याला बेअरिंग उघडावीत. किनाऱ्यावर राहून हौसेने स्केटिंग करणाऱ्याने ग्रीसच वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आतल्या पोकळीचा सुमारे एक तृतीयांश भाग भरेल इतकेच घाला. चाके परत बसवताना पोलादी बोल्टलाही ग्रीसचे बोट लावा, कारण चाके धरणारी अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, पोलादी बोल्ट आणि मधे खारट ओल एवढे जमले की विद्युतघटच तयार होतो, अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि पुढच्या वर्षी तो बोल्ट कोणत्याही चावीने सुटत नाही.

आणि चिरंजीवांना सांगा की, भाट्याला अनवाणी धावावे. स्केट रस्त्यावर राहू द्यावेत.

प्रश्न : थोरल्या दिरांचे स्केट माळ्यावर पंधरा वर्षांपासून तसेच आहेत. फारसे वापरलेलेच नाहीत. मुलीच्या पायाला ते बसतात. तिला द्यावेत का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : न वापरलेली वस्तू चांगलीच राहिली असेल, असे आपल्याला सहज वाटते, पण येथे ते धरून चालता येत नाही. स्केटची चाके पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लास्टिकची असतात आणि बुटाच्या काही भागांतही तेच असते. त्याचे काही प्रकार दमट हवेत नुसते ठेवले तरी पाण्याच्या वाफेने आतून तुटत जातात. वरून चकचकीत दिसणारे चाक मग पहिल्याच फेरीत गाभ्यापासून सुटते. म्हणून नख रुतवून पाहा. चाक चिकट लागले, त्याचे तुकडे निघाले किंवा बारीक भेगा दिसल्या, तर ते बाद करावे. बुटाचे कवच आणि घोट्याजवळची पट्टी हाताने जोर लावून वाकवून पाहावी, कारण कवच तडकले तर त्यावर उपाय नाही, तर चाके, बेअरिंग, आतले मऊ अस्तर आणि टाचेचा ब्रेक सुटे बदलता येतात. अर्थात हे सगळेच बदलावे लागत असेल तर नवीन जोड स्वस्त पडेल. दिरांना तेवढे वाईट वाटेल, ते वाटू द्यावे.

प्रश्न : माझे वय ४७ आहे. लेकीला शिकताना पाहून मलाही शिकावेसे वाटते. हे वय योग्य आहे का? मालवणात सराव कोठे करावा?
— एक वाचक, मालवण

उत्तर : वयाची अडचण नाही, पण मनगटांची आहे. तोल गेला की माणूस हात पुढे टेकतो आणि मनगटाचे हाड मोडते, म्हणून हेल्मेट, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड यांच्याबरोबर आत कडक पट्टी असलेले मनगटरक्षक पहिल्या दिवसापासून हवेत. पहिला आठवडा पुढे जाण्यापेक्षा थांबायला आणि पडायला शिकण्यात घालवा. गुडघे वाकवून पुढे, पॅडवर पडावे. मागे रेलणे हीच नवशिक्याची मोठी चूक असते. टाचेचा ब्रेक बहुधा उजव्या पायाला असतो; तो पाय अर्धे पाऊल पुढे सरकवून त्याची बोटे उचलली की ब्रेक रस्त्याला टेकतो.

जागेविषयी सांगायचे तर शाळेचे काँक्रीटचे मैदान परवानगी घेऊन वापरणे सर्वांत चांगले. बंदराचा धक्का सपाट दिसतो, पण मासळीचे पाणी आणि खवले यांवर चाक सरळ घसरते. आपले उताराचे रस्ते आणि जांभ्याची खडी किमान सहा महिने टाळावी. वेळ सकाळची ठेवा. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारनंतर तो उलटून खारा फवारा घेऊन येतो, आणि पहिल्या पत्रातील गंजाचा सगळा उपद्व्याप त्या फवाऱ्याने, समुद्रात न उतरताही, हळूहळू होतोच.

प्रश्न : पावसाळ्यात चार महिने स्केट कसे ठेवावेत? गेल्या वर्षी आतून बुरशी आली आणि वास अजून गेलेला नाही.
— एक विद्यार्थी, अलिबाग

उत्तर : १९८०च्या सुमारास अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ओल्सन बंधूंनी हे स्केट सुधारले, ते बर्फ नसलेल्या दिवसांत आइस हॉकीचा सराव करता यावा म्हणून, त्यांचा मोसम बर्फ वितळल्यावर सुरू होत असे, आपला पाऊस संपल्यावर होतो. ओल्या रस्त्यावर ही चाके पकड सोडतात, तेव्हा हे चार महिने खरोखरच विश्रांतीचे मानावेत.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या तयारीची, कामे चालू असतात त्याच आठवड्यात, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस, स्केट उघडा. चाके आतल्या बाजूने जास्त झिजतात, म्हणून पहिले तिसऱ्याच्या आणि दुसरे चौथ्याच्या जागी, शिवाय एका पायातून दुसऱ्या पायात आणि झिजलेली बाजू बाहेर येईल अशी बदला. बेअरिंगमध्ये ताजे ग्रीस भरा. अस्तर काढून कोमट साबणपाण्यात धुवा आणि सावलीत दोन-तीन दिवस वाळवा. गेल्या वर्षीच्या वासासाठी धुण्याच्या पाण्यात थोडे व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवून पाहा. तरीही वास राहिला तर अस्तर बदला. स्केट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आतला ओलावा आतच राहतो. सुती पिशवीत, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरून, जमिनीपासून उंचावर ठेवा आणि ते बोळे दर पंधरा दिवसांनी बदला.