पहिल्या फॅन्टसीसाठी: जाडजूड संच नको, अर्थसी घे

अगं, सात-आठ भागांचा संच एकदम विकत घेऊ नकोस. उर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'पासून सुरुवात कर. 1968चं, छोटंसं पुस्तक आहे; अर्थसी म्हणजे त्यातलं बेटांचं काल्पनिक जग.

सुरुवातीलाच बघ. आई नसलेला एक पोरगा मावशीच्या तोंडून ऐकलेले जादूचे शब्द बकऱ्यांवर ओरडतो. बकऱ्या धावत येतात, त्याला चिकटून उभ्या राहतात आणि हटायलाच तयार नाहीत! हाक मारता येते, पण सोडवायचं कसं ते ठाऊक नाही. तेरा-चौदाव्या वर्षी आपलंही अगदी हेच होत असतं ना? अंगात ताकद येते, आवर घालायची अक्कल मागून येते. म्हणून तर अशी पुस्तकं त्या वयात इतकी भिडतात, आणि माझ्यासारखीला चाळिशीतही रडवतात. पुढे हाच पोरगा, म्हणजे गेड, ईर्ष्येपोटी एक काळी सावली मोकळी सोडतो. तिचं काय होतं ते सांगत नाही, तूच वाच.

पुस्तकातला नकाशा बघत वाच. बेटांची नावं लक्षात राहिली नाहीत तरी अडू नकोस, पुढे जात राहा. इंग्रजी जड वाटलं तर रोज दहाच पानं वाच, पण मोठ्याने.