ऑनबोर्ड ग्राफिक्स चालत नसेल तर आधी हे बघ

भाऊ, ड्रायव्हर डाउनलोड करत बसू नकोस. इंटेल असो की एएमडी, ऑनबोर्ड ग्राफिक्सचा, म्हणजे प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्स चिपचा, ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच (सिस्टिमच्या गाभ्यातच) येतो, वरचं चित्र काढायचं काम मेसा हे सॉफ्टवेअर बघतं. आधी प्रोसेसरचं पूर्ण नाव वाच. जळगावहून असेम्बल करून आणलेल्या पीसीत आय५-१२४००एफ निघाला, तर त्या ‘एफ’मुळे ग्राफिक्सच नाही, वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागेल. एरवी केबल मदरबोर्डच्याच पोर्टला लाव. सोबत कार्ड असेल तर बायोस बरेचदा ऑनबोर्ड बंद ठेवतं, ते चालू कर.

खरी गोम पुढे आहे. मेसा-युटिल्स टाकून टर्मिनलमध्ये ‘जीएलएक्सइन्फो -बी’ (glxinfo -B, बी कॅपिटल) चालव. रेंडररच्या ओळीत ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं, तर ग्राफिक्स चिप वापरातच नाही, स्क्रीनवरचं सगळं चित्र प्रोसेसर एकटाच काढतोय. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात तो पंखा नुसता बोंबलत राहतो, मशीनचे हाल बघवत नाहीत. बहुतेक वेळा इन्स्टॉल करताना घातलेलं ‘नोमोडसेट’ (nomodeset, ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला ठेवणारा बूटचा पर्याय) तसंच राहिलेलं असतं. उबुंटूत ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ (/etc/default/grub) या फाइलमधून तेवढा एकच शब्द काढ, ‘सुडो अपडेट-ग्रब’ (sudo update-grub) दे आणि रीबूट कर. मग तीच जीएलएक्सइन्फो कमांड पुन्हा चालव, रेंडररच्या ओळीत इंटेल किंवा एएमडीचं नाव आलं की झालं. नाहीच आलं तर ती ओळ जशीच्या तशी मला पाठव, आपण बघू.