वाचक विचारतात: अकरा वेळा आमदार, हिशोब जुळतो का?

प्रश्न: सांगोल्याचे गणपतराव देशमुख 11 वेळा आमदार झाले असं आमचे आजोबा सांगतात. पण ते मध्ये दोनदा पडले असंही तेच सांगतात. 1962 ते 2019 म्हणजे 57 वर्षं, पाचाने भागलं तर जेमतेम 11 टर्म येतात, मग पडले कधी? घरात यावरून रोज वाद चालू आहे. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: आजोबा बरोबर आहेत, गडबड तुमच्या भागाकारात आहे. विधानसभेची टर्म पाच वर्षांची हे कागदावर, प्रत्यक्षात ती कधी लांबली कधी मध्येच तुटली. 1972 नंतरची निवडणूक 1977 ला व्हायला हवी होती पण आणीबाणीत मुदत वाढली आणि ती झाली 1978 ला. मग 1980 मध्ये शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचं सरकार बरखास्त झालं आणि दोनच वर्षांत परत मतदान! म्हणून वर्षांना भागू नका, सरळ निवडणुका मोजा. 1962, 67, 72, 78, 80, 85, 90, 95, 99, 2004, 2009, 2014. झाल्या 12. त्यातल्या 1972 आणि 1995 ला ते हरले, राहिल्या 10. आणि अकरावा विजय 1974 च्या पोटनिवडणुकीतला, जो सगळे विसरतात.

आता खरं सांगायचं तर मला 11 या आकड्यापेक्षा ते दोन पराभवच जास्त इंटरेस्टिंग वाटतात. 1995 ला शहाजीबापू पाटलांनी (हो, तेच "काय झाडी, काय डोंगार" वाले बापू, तेव्हा काँग्रेसमध्ये होते) त्यांना फक्त 192 मतांनी पाडलं. वय सत्तरीकडे झुकलेलं, पक्ष शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) म्हणजे राज्यात आधीच आटत चाललेला, अशा वेळी दुसरा कोणी असता तर एकतर घरी बसला असता नाहीतर सत्तेतल्या पक्षाचं तिकीट बघितलं असतं. हे तिथेच राहिले, त्याच पक्षात, आणि 1999 ला परत निवडून आले, ती धरून सलग चार टर्म. बरं, माणूस मूळचा सांगोल्याचा पण नाही, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा, वकिली करायला सांगोल्यात आलेला.

मंत्रिपद दोनदा मिळालं, 1978 ला पवारांच्या आणि 1999 ला विलासरावांच्या मंत्रिमंडळात. बाकी बहुतेक काळ विरोधी बाकावर. तालुका दुष्काळी, त्यामुळे राजकारण फिरायचं ते पाण्याभोवती: स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदा, टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचं पाणी, आणि तालुक्यातली सहकारी सूतगिरणी. एसटीने फिरणारा आमदार ही त्यांची ओळख तर सगळ्यांना माहीतच आहे, पण नुसत्या साधेपणावर कोणी 11 वेळा निवडून येत नाही हो, त्याला गावागावात माणसं बांधलेली लागतात.

2019 ला वयामुळे ते उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत उभे राहिले आणि परत बापूंकडूनच, परत थोडक्यात, हरले. 30 जुलै 2021 ला गणपतराव गेले. 2024 ला दुसरे नातू बाबासाहेब यांनी बापूंना हरवून जागा शेकापकडे परत आणली.

प्रश्न: मग हा देशातला रेकॉर्ड आहे का? (तेच वाचक)

उत्तर: नाही. केरळात के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून 13 वेळा जिंकले, तमिळनाडूत करुणानिधी पण 13 वेळा, फक्त त्यांचे मतदारसंघ बदलत गेले. आजोबांना हे जरा जपून सांगा.

प्रश्न: पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या आमदाराला पूर्ण पाच वर्षं मिळतात का?

उत्तर: नाही, त्या विधानसभेची उरलेली मुदत तेवढीच मिळते. आता जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते, पण मुदत वर्षभरापेक्षा कमी उरली असेल तर घेत नाहीत. ही सहा महिन्यांची अट 1996 मध्ये कायद्यात आली, 1974 ला नव्हती.