कपाटाच्या शिसवी फळीचा फ्रेटबोर्ड

प्रश्न : मी हौसेने इलेक्ट्रिक गिटार बनवत आहे. घरातील जुन्या कपाटाची शिसवी फळी फ्रेटबोर्डासाठी (गिटारच्या मानेवर तारांखाली बसणाऱ्या पट्टीसाठी) चालेल का, की मेपल मागवावे? त्यावर पॉलिश कोणते करावे?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : फळी खरोखर शिसवीची असेल, तिचे रेषे सरळ असतील आणि तीत खिळ्यांची भोके किंवा गाठी नसतील, तर मेपल मागवण्याची गरज नाही, ‘इंडियन रोझवूड’ म्हणून जगभरच्या गिटारींवर बसते ते हेच लाकूड. लाकडामुळे इलेक्ट्रिक गिटारचा आवाज किती बदलतो, यावरचे वाद आपण खुशाल बाजूला ठेवावेत. खरा प्रश्न ओलाव्याचा आहे. नाशिकच्या पावसाळ्यात फुगलेले लाकूड उन्हाळ्यात आकसते आणि मग फ्रेटची (या पट्टीत आडव्या बसवलेल्या धातूच्या तारांची) टोके कडेने बाहेर येऊन बोटांना टोचतात. म्हणून फळी साधारण 7 मिलिमीटर जाडीची कापून काही आठवडे घरातच दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी ठेवावी आणि त्यानंतरच अंतिम माप द्यावे.

शिसवीत नैसर्गिक तेल असल्यामुळे चिकटवण्यापूर्वी तिची खालची बाजू ॲसिटोनने पुसावी. वरच्या बाजूचे जुने पॉलिश पूर्ण तासून, 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, जवसाच्या उकळलेल्या तेलाचा (‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’ म्हणून तयार मिळते त्याचा) पातळ हात द्यावा व जादा तेल लगेच टिपावे, लॅकर (वाळल्यावर कडक थर देणारे पॉलिश) नको. (तेलाचा बोळा चुरगळून टाकू नये, तो आपोआप पेटू शकतो, पसरून वाळवावा.) मेपल फिकट असल्याने हाताच्या मळाने काळवंडते, म्हणून लॅकर त्याला लागते.