‘काडतूस’ : पुडी उघडून मोजायची असते

प्रश्न असा आला : जुन्या दुनळीवर ‘१२ बोअर’ कोरलंय, काडतुसांच्या खोक्यावर ‘१२ बोअर, ७० मिमी’ आहे. बोअर जुळला की काडतूस चालतं ना?

नाही! ‘बोअर’ लांबीबद्दल अवाक्षर काढत नाही. एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती १२ बोअर. व्यास सुमारे १८.५ मिमी. विषय संपला.

खरा शब्द आहे ‘काडतूस’. ‘काडी’ आणि ‘तूस’ अशी त्याची फोड कृपया करू नका. मूळ इटालियन ‘कार्तोच्चो’, म्हणजे कागदाची पुडी. त्यातली ‘कार्ता’ म्हणजे कागद. कार्ड, चार्ट, कार्टून ही त्याच घरातली. तो पोर्तुगीज ‘कार्तुचो’वरून मराठीत आला, असं ठामपणे सांगणाऱ्यांनी पोर्तुगीजांकडूनच आलेल्या ‘चावी’कडे पाहावं. पोर्तुगीज ‘च’ आपण ‘च’च ठेवला. मग ‘काडतूच’ का झालं नाही? शेवटचा ‘स’ फ्रेंच ‘कार्तूश’चा आहे, असं माझं मत. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभारणाऱ्या द बॉयनची भाषा फ्रेंचच होती. हा शब्द अशाच छावण्यांतून आला असावा.

आणि ही पुडीच प्रश्नाचं उत्तर देते. काडतुसाची लांबी तोंड उलगडल्यावरची मोजतात. तोंड दुमडलेलं ७० मिमीचं काडतूस ६० मिमीच्या आसपासच भरतं, म्हणून ते ६५ मिमीच्या (अडीच इंची) चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मुळाशी काडतूस बसवायच्या जागेत, सहज बसतं. ‘बसलं म्हणजे चाललं’ हा घातक समज इथूनच निघतो. बार उडाला की दुमड उलगडून चेंबरपुढच्या निमुळत्या गळ्यात घुसते, छर्ऱ्यांची वाट आवळते आणि दाब चढतो. छर्ऱ्यांचा २८ ग्रॅमचा हलका भार घेतला तरी पुडी तेवढीच लांब राहते.

चेंबर बंदूक-कारागिराकडून गेजने (मापकाने) मोजून घ्या. नळ्या उतरवून खालच्या सपाट भागावरचे दाब-चाचणीचे शिक्के वाचा. मात्र नंतर कुणी चेंबर वाढवलं असेल तर त्या शिक्क्यांवर विसंबू नका, चाचणी पुन्हा हवी. ६७ मिमीची काडतुसं खोक्यावर ‘६५ मिमी चेंबरसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. लांबी जुळली तरी ६५० बारच्या (बार हे दाबाचं एकक) हिशेबाने तपासलेल्या बंदुकीत ७४० बारचं काडतूस नको, आणि जुन्या नळीत पोलादी छर्रे तर नकोतच.